एका हातात अनेक अ‍ॅड अकाउंट: मुंबईतल्या फ्रीलान्सर, एजन्सी आणि दुकानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती, दसरा-दिवाळी आणि लग्नसराई हे मुंबईतल्या छोट्या धंद्यांचे कमाईचे दिवस. नेमक्या त्याच दिवसांत अ‍ॅड अकाउंट, म्हणजे फेसबुक-गुगलवर जाहिराती चालवायचं खातं, बंद पडल्याचे, हॅक झाल्याचे, जुन्या एजन्सीने अडवून धरल्याचे फोन सगळ्यात जास्त येतात. दादरचं साड्यांचं दुकान असो, लालबागचा मसाला असो की बोरिवलीचा क्लास, बहुतेक तक्रारींचं मूळ एकच निघतं: अकाउंट मालकाच्या नावावर नसतं. खालच्या उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल, कारण बाकीची सगळी सुरक्षितता त्यावरच उभी आहे. बटणांची नावं आणि जागा कंपन्या अधूनमधून बदलतात, त्यामुळे इथे बटणांपेक्षा कामाच्या पद्धतीवर भर दिला आहे.

एकाच माणसाने आठ-दहा क्लायंटची अ‍ॅड अकाउंट सांभाळली तर ते नियमात बसतं का?

बसतं. मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी), गुगल, लिंक्डइन या सगळ्यांनी त्यासाठीच सोय करून ठेवली आहे. मेटाकडे बिझनेस पोर्टफोलिओ आहे, म्हणजे धंद्याचं पेज, इन्स्टाग्राम आणि अ‍ॅड अकाउंट एकत्र सांभाळायची जागा. बरेच जण तिला अजून बिझनेस मॅनेजरच म्हणतात. गुगलकडे मॅनेजर अकाउंट आहे, लिंक्डइनकडे कॅम्पेन मॅनेजर. तुम्ही किती अकाउंट बघता यावर कुणाचा आक्षेप नाही. त्या अकाउंटमागे खरा माणूस आणि खरा धंदा आहे का, आणि एका अकाउंटवरची कारवाई चुकवण्यासाठी दुसरं उघडलंय का, हे मात्र बारकाईने बघितलं जातं.

मेटाच्या नव्या पोर्टफोलिओत सुरुवातीला मोजकीच अ‍ॅड अकाउंट उघडता येतात. खर्च होत गेला आणि पैसे वेळेवर भरले गेले की ती मर्यादा वाढते. क्लायंटने आपापली अकाउंट स्वतः उघडली तर ही अडचण मुळात येतच नाही.

अ‍ॅड अकाउंट कोणाच्या नावावर असावं? क्लायंट म्हणतो, "तुम्हीच उघडा, आम्हाला त्यातलं काही कळत नाही."

क्लायंटच्या. तो कितीही म्हणाला तरी.

मेटाच्या बिझनेस सेटिंगमध्ये अ‍ॅड अकाउंट जोडताना तीन रस्ते दिसतात: असलेलं अकाउंट आपल्या पोर्टफोलिओत आणणं, दुसऱ्याच्या अकाउंटचा अ‍ॅक्सेस मागणं, आणि नवं उघडणं. घाईत पहिलं बटण दाबलं जातं आणि दुकानदाराचं अकाउंट कायमचं एजन्सीच्या मालकीचं होतं. एकदा पोर्टफोलिओत आलेलं अ‍ॅड अकाउंट नंतर काढून परत देता येत नाही. क्लायंटसाठी काम करताना तुम्हाला हवा असतो तो दुसरा रस्ता, अ‍ॅक्सेस मागण्याचा.

मालकी एजन्सीकडे राहिली की दोन्ही बाजूंचं नुकसान होतं. क्लायंट सोडून गेला तर त्याचा सगळा जुना इतिहास तुमच्याकडे अडकतो: कोणती जाहिरात चालली, वेबसाइटवर कोण येऊन गेलं, कोणाला काय दाखवलं. त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि मग बाजारात तुमच्याबद्दल काय बोललं जाईल ते वेगळं सांगायला नको. उलट बाजूने, त्याच्या एखाद्या जाहिरातीमुळे नियमभंग झाला तर अकाउंट तुमचं असल्यामुळे कारवाई तुमच्या पोर्टफोलिओपर्यंत पोहोचू शकते आणि बाकीच्या क्लायंटची कामंही थांबतात.

मुंबईत घर लिव्ह अँड लायसन्सवर घेणाऱ्याला हे लगेच पटेल. राहायचा हक्क करारापुरता, घर मालकाचं, आणि अकरा महिन्यांनी किल्ली परत देताना कोणाचंच काही अडत नाही.

मग अ‍ॅक्सेस द्यायचा-घ्यायचा कसा? मालक काउंटरवर असतो, त्याच्याकडे वेळ नसतो.

एकदाच अर्धा तास काढायला लावा, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. मालकाच्या स्वतःच्या फेसबुक प्रोफाइलवरून, त्याच्याच फोनवर किंवा दुकानातल्या कॉम्प्युटरवर, बिझनेस पोर्टफोलिओ उघडा. दुकानाचं अधिकृत नाव, पत्ता आणि फोन जीएसटी नोंदणीत किंवा गुमास्ता लायसन्सवर आहेत तसेच भरा. पुढे पडताळणीची वेळ आली तर हीच कागदपत्रं मागितली जातात, आणि स्पेलिंगमधल्या छोट्याशा फरकावरूनही अर्ज परत येतो. मग पेज, इन्स्टाग्राम अकाउंट आणि अ‍ॅड अकाउंट त्यात आणा. अ‍ॅड अकाउंट उघडताना चलन रुपया आणि वेळ भारताची आहे ना, हे मालकाच्या समोर वाचून घ्या. नंतर ते बदलायचं म्हणजे व्यवहारात नवं अकाउंटच घ्यावं लागतं.

यानंतर मालक तुमच्या पोर्टफोलिओचा आयडी टाकून तुम्हाला पार्टनर म्हणून जोडतो आणि कोणत्या गोष्टीवर काय करता येईल ते ठरवतो. अ‍ॅड चालवणाऱ्याला जाहिराती करणं आणि आकडे बघणं एवढं पुरतं. पेजवर पूर्ण नियंत्रण मागू नका. मालकाने आपणहून दिलं तरी कमी करायला सांगा. या अडाणी वाटणाऱ्या आग्रहामुळेच पुढची भांडणं टळतात.

गुगलवर प्रत्येक अ‍ॅड अकाउंटला दहा आकडी ग्राहक क्रमांक असतो. तुमच्या मॅनेजर अकाउंटमधून त्या क्रमांकावर विनंती पाठवायची आणि मालकाने ती मंजूर करायची. लिंक्डइनवर अ‍ॅक्सेस माणसागणिक दिला जातो, आणि नुसतं बघणारा, जाहिरात बदलणारा, बिलं सांभाळणारा अशा वेगवेगळ्या भूमिका असतात.

क्लायंटने थेट आयडी-पासवर्डच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. वापरू का?

वापरू नका. मेसेज डिलीट करायला सांगा आणि पासवर्ड बदलायला लावा. पासवर्डने आत शिरलात की ओटीपी मालकाच्या फोनवर जातो, तो हिंदमाताच्या गर्दीत गिऱ्हाइकासमोर उभा असतो, आणि तुम्ही अंधेरीत बसून "साहेब, कोड सांगा" म्हणत असता. ही सवय पडली की उद्या कोणीही फोन करून कोड मागितला तरी मालक सांगणार. शिवाय कोणी काय बदललं याची नोंद मालकाच्या नावावर पडते. चूक तुमची की त्याची, हे कळायला मार्गच राहत नाही.

कामासाठी वेगळं फेसबुक प्रोफाइल काढलं तर? खासगी फोटो आणि क्लायंटची कामं एकत्र नकोत.

फेसबुकच्या नियमांनुसार एका माणसाचं एकच वैयक्तिक अकाउंट असतं, खऱ्या नावाने. बहिणीच्या, मामाच्या किंवा काल्पनिक नावाने काढलेलं प्रोफाइल ओळख पडताळणीत अडकतं आणि त्याच्याबरोबर त्यातून चालणाऱ्या सगळ्या अकाउंटचा अ‍ॅक्सेस जातो. खासगीपणाची काळजी असेल तर एवढं लक्षात घ्या की पोर्टफोलिओत तुम्ही कामाच्या ईमेलने वावरता. क्लायंटला तुमचं नाव दिसतं, तुमच्या मित्रयादीपुरते ठेवलेले फोटो दिसत नाहीत.

एकाच वाय-फायवरून, एकाच लॅपटॉपवरून बरीच अकाउंट चालवली तर सगळी बंद पडतात, हे खरं का?

लोअर परळच्या एखाद्या एजन्सीत एका छताखाली, एकाच इंटरनेटवर शेकडो अकाउंट चालतात. एक वाय-फाय हा गुन्हा नाही. शंका येते ती वेगळ्या गोष्टींमुळे. सकाळी मुंबईतून लॉगिन झालं आणि तासाभराने व्हीपीएनमुळे तेच अकाउंट दुसऱ्या खंडात दिसलं. आदल्या दिवशी उघडलेल्या अकाउंटवर पहिल्याच दिवशी मोठी रक्कम लावली. आधी बंद झालेल्या अकाउंटचं कार्ड नव्या अकाउंटला जोडलं.

या भीतीवर एक बाजार उभा आहे. टेलिग्रामवर "जुनी, भरवशाची" अ‍ॅड अकाउंट भाड्याने मिळतात, आणि प्रत्येक अकाउंटला वेगळा कॉम्प्युटर असल्याचा भास निर्माण करणारे खास ब्राउझर विकले जातात. यांच्या वाटेला जाऊ नका. भाड्याची अकाउंट अनेकदा कोणाची तरी चोरलेली असतात, आणि ओळख लपवून जाहिरात चालवणं हाच मेटाच्या आणि गुगलच्या धोरणात यंत्रणेला चकवण्याचा प्रकार मानला जातो. तिथे झालेली कारवाई सहसा मागे घेतली जात नाही.

क्रोममध्ये प्रत्येक क्लायंटसाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल ठेवणं मात्र पूर्ण वैध आहे आणि फार उपयोगाचं. ठाण्याच्या क्लासची जाहिरात चुकून गिरगावच्या मिठाईवाल्याच्या पेजवरून गेली की त्याची किंमत कळते.

एक अकाउंट बंद झालं तर हाताशी असावं म्हणून दुसरं उघडून ठेवू का?

त्या हेतूने नको. वेगळी कंपनी, वेगळा जीएसटी क्रमांक, वेगळं चलन किंवा खर्चाचा हिशेब वेगळा ठेवायची गरज, ही दुसऱ्या अकाउंटची सरळ कारणं. गुगलचा यात एक स्वतंत्र नियमही आहे: एकाच धंद्याच्या जाहिराती निरनिराळ्या अकाउंटमधून एकाच वेळी एकाच जागी दाखवून जास्त जागा अडवणं चालत नाही. एकाच गृहप्रकल्पासाठी तीच वेबसाइट आणि तोच मजकूर घेऊन चार अकाउंटमधून शोध-जाहिराती लावणाऱ्यांनी तो नीट वाचावा.

अकाउंट रिस्ट्रिक्ट झालं आहे आणि गणपती पंधरा दिवसांवर आले आहेत. सगळ्यात आधी काय करू?

नवं अकाउंट उघडू नका. हा पहिला हात आवरला तर बाकीचं बरंचसं सावरतं. निलंबनानंतर उघडलेलं नवं अकाउंट गुगल त्याच कारणाने बंद करतं, आणि मेटावर कारवाई अकाउंटवरून माणसावर येते.

आधी कारवाई कुठे झाली आहे ते शोधा. मेटाच्या बिझनेस सपोर्ट होममध्ये ते दिसतं: एखादी जाहिरात रिजेक्ट झाली आहे, अ‍ॅड अकाउंट बंद आहे, पेजला जाहिरात करता येत नाही, की तुमच्याच प्रोफाइलला जाहिरातीची मनाई आहे. ही चार वेगळी दुखणी आहेत. तुमच्यावर मनाई आली असेल तर मालकाचं अकाउंट सहीसलामत असू शकतं, आणि मालक स्वतः किंवा त्याने नेमलेला दुसरा माणूस ते चालवू शकतो. अट एवढीच की पडद्यामागून तुम्ही चालवत नाही. मालकी क्लायंटकडे ठेवण्याचा फायदा अशा वेळी डोळ्यांनी दिसतो.

पुष्कळदा कारण साधं असतं. बिलाचे पैसे थकलेले असतात किंवा कार्ड नाकारलं गेलेलं असतं. ते भरलं की अकाउंट सुरू होतं. कारण धोरणभंगाचं असेल तर रिव्ह्यू मागण्याआधी खोट दुरुस्त करा: जाहिरातीतला मजकूर, आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे जाहिरात ज्या वेबपानावर नेते ते पान. तिथे दुकानाचं नाव, पत्ता, फोन, परताव्याचे नियम आहेत का? जाहिरातीत सांगितलेली किंमत तिथेही तीच आहे का? मग एकच विनंती पाठवा, शांत भाषेत. काय चुकलं होतं, काय बदललं, सोबत कोणती कागदपत्रं जोडली आहेत, एवढं लिहा. रोज नवा अर्ज टाकून काम लवकर होत नाही.

फेसबुक प्रोफाइल किंवा इन्स्टाग्राम अकाउंटच बंद झालं असेल आणि कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे दाद मागूनही निर्णय पटत नसेल, तर केंद्र सरकारची ग्रिव्हन्स अपिलेट कमिटी आहे. अधिकाऱ्याचा निर्णय हातात पडल्यापासून ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. हा मार्ग फार थोड्या दुकानदारांना माहीत असतो. त्यांना तो सांगायला हवा.

तोवर सणाचा धंदा बुडू नये म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ज्यांनी नंबर आपणहून दिले आहेत अशा जुन्या गिऱ्हाइकांना कळवा, गुगलवरचं दुकानाचं बिझनेस प्रोफाइल ताजं करा, इन्स्टाग्रामवर साध्या पोस्ट चालू ठेवा.

पैसे कोणाच्या कार्डवरून भरायचे?

मालकाच्या. तुमच्या कार्डवरून भरून नंतर वसुली करत बसलात तर दिवाळीनंतरची उधारी तुमच्या गळ्यात पडते. एकच कार्ड अनेक असंबद्ध क्लायंटच्या अकाउंटला लावलं की एकाच्या गडबडीची झळ दुसऱ्याला लागण्याची शक्यताही वाढते.

जीएसटीची बाजू याहून महत्त्वाची. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. अकाउंटच्या बिलिंग माहितीत ज्याचा जीएसटी क्रमांक, त्याच्या नावे बिल, आणि इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) त्यालाच. अकाउंट एजन्सीच्या नावावर असेल तर दुकानदाराचं मेटाच्या बिलावरचं क्रेडिट बसत नाही. एजन्सीला स्वतःचं बिल कर लावून पुन्हा फाडावं लागतं. परदेशी कंपन्यांना दिलेल्या ऑनलाइन जाहिरातींच्या पैशांवरची ६ टक्के इक्वलायझेशन लेव्ही २०१६ साली आली होती आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाली. अजूनही कोणी ती बिलात लावत असेल तर विचारा.

आपोआप कापल्या जाणाऱ्या कार्डपेमेंटचा भारतात एक अडथळा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १५ हजार रुपयांवरच्या अशा प्रत्येक वसुलीला ओटीपी लागतो. मालकाने तो वेळेत टाकला नाही की पेमेंट अडतं आणि जाहिराती ऐन शनिवारी थांबतात. लहान बजेटच्या दुकानांसाठी यूपीआयने आधी पैसे भरून ठेवण्याची पद्धत बरी. पैसे संपले की जाहिरात थांबते, थकबाकी राहत नाही, आणि अकाउंट चोराच्या हाती पडलं तरी शिल्लक असेल तेवढंच जातं. कार्डच वापरायचं असेल तर मेटाच्या अ‍ॅड अकाउंटला एकूण खर्चाची मर्यादा लावता येते, ती लावल्याशिवाय पहिली जाहिरात सोडू नका.

टू-फॅक्टर (पासवर्डनंतर कोडही मागणारं लॉगिन) लावलं आहे. तरी अकाउंट हॅक होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि अशा चोऱ्यांचं लक्ष्य मुख्यतः तुमच्यासारखी माणसंच असतात, कारण तुमच्या एका लॅपटॉपमधून अनेकांच्या तिजोऱ्या उघडतात. २०२२ मध्ये विथसिक्युअर या फिनलंडच्या कंपनीने डकटेल नावाचा मालवेअर उघडकीला आणला. त्याचा नेम फेसबुकच्या बिझनेस अकाउंटवर काम करणाऱ्यांवर होता. लिंक्डइनवरून एखाद्या ब्रँडचं काम देण्याच्या बहाण्याने झिप फाइल यायची, आत फोटो आणि पीडीएफसारखी दिसणारी फाइल. ती उघडली की ब्राउझरमध्ये साठलेल्या चालू लॉगिनच्या कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी, चोरल्या जायच्या. चालू लॉगिनच हाती आल्यावर ओटीपी विचारला जात नाही, त्यामुळे टू-फॅक्टर तिथे कामाला येत नाही.

म्हणून अनोळखी "क्लायंट ब्रीफ" झिपमध्ये आलं तर उघडू नका, गुगल ड्राइव्हवर साधी लिंक मागा. जाहिरातींचं काम सोपं करून देणारी क्रोम एक्सटेन्शन अनोळखी असतील तर काढून टाका. काम ज्या ब्राउझर प्रोफाइलमध्ये करता त्यात सिनेमे, फुकटची सॉफ्टवेअर, मुलांचे गेम नकोत.

दुसरा प्रकार धमकीच्या मेसेजचा: "तुमचं पेज २४ तासांत कायमचं बंद होणार, इथे क्लिक करून अपील करा." मेटाचा खरा इशारा बिझनेस सपोर्ट होममध्येही दिसतो. तिथे नसेल तर मेसेज खोटा समजा. फेसबुकचे खरे ईमेल फेसबुकमेल डॉट कॉमवरून येतात, आणि अकाउंट सेंटरमध्ये सुरक्षेच्या भागात अलीकडे पाठवलेल्या ईमेलची यादीही बघता येते. पण पत्ता खरा आहे एवढ्यावर भिस्त ठेवू नका. भामटे स्वतःच्या पोर्टफोलिओला अधिकृत वाटणारं नाव देऊन तिथून आमंत्रण पाठवतात, आणि ते आमंत्रण मेटाच्या खऱ्या पत्त्यावरूनच येतं. ओळखीचं नसलेलं आमंत्रण स्वीकारायचंच नाही. गुगल अ‍ॅड्सचं पानही सर्चमध्ये शोधून उघडू नका. वरच्या प्रायोजित निकालांत नकली लॉगिन पानं सापडली आहेत. बुकमार्क करून ठेवा.

टू-फॅक्टर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर (फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या अ‍ॅपवर) ठेवा, कारण चोराने तुमच्या नंबरचं सिम स्वतःकडे बदलून घेण्याचे प्रकार होतात. रिकव्हरी कोड कागदावर लिहून दुकानाच्या कपाटात ठेवा. आणि पोर्टफोलिओच्या सुरक्षा सेटिंगमध्ये सगळ्यांना टू-फॅक्टर सक्तीचं करण्याची सोय आहे, ती चालू करा.

हॅक झालंच तर?

त्या क्षणी बँकेला फोन करून कार्ड थांबवा. जाहिराती थांबवण्याच्या मागे आधी लागू नका, कारण चोर त्या पुन्हा सुरू करतो. मग आत जाता येत असेल तर सगळी लॉगिन बाहेर काढा, पासवर्ड बदला, पोर्टफोलिओतली अनोळखी माणसं आणि पार्टनर काढा, आणि ईमेल अकाउंटचाही पासवर्ड बदला, कारण बऱ्याचदा चोर तिथूनच शिरलेला असतो. संशयित लॅपटॉपवरून हे करू नका. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर. मुंबईत विभागवार सायबर पोलीस ठाणी आहेत. जाताना व्यवहारांचे स्क्रीनशॉट, बँकेचे मेसेज आणि अ‍ॅड अकाउंटचा क्रमांक सोबत न्या. बाकीच्या क्लायंटना त्याच दिवशी कळवा. त्यांना दुसरीकडून कळलं तर तुमच्यावरचा विश्वास परत येत नाही.

ऑफिसमधला मुलगा नोकरी सोडतोय. काय तपासू?

त्याच संध्याकाळी, हिशेब मिटवण्याआधी, त्याचं नाव मेटाच्या पोर्टफोलिओतून, गुगलच्या मॅनेजर अकाउंटमधून, लिंक्डइनवरून आणि सामायिक ड्राइव्हमधून काढा. मनात राग-लोभ नसला तरी. त्याचं वैयक्तिक प्रोफाइल पुढे कधी हॅक झालं तर तुमच्या क्लायंटची दारं त्यातून उघडतील. पूर्ण नियंत्रण असलेली माणसं प्रत्येक पोर्टफोलिओत किमान दोन असावीत. एकटाच अ‍ॅडमिन असेल आणि त्याचं प्रोफाइल बंद झालं तर सगळ्यांचीच वाट अडते.

कोणत्या धंद्यांच्या जाहिराती घेताना जास्त सावध राहावं?

मुंबईत पहिला मान घरांचा. महारेरात नोंद नसलेल्या प्रकल्पाची जाहिरात करता येत नाही. नोंदणी क्रमांक आणि वेबसाइट जाहिरातीत हवी, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे, नाहीतर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इन्स्टाग्रामच्या चौकोनी जाहिरातीत जागा नाही ही सबब चालत नाही. एजंटचीही स्वतःची महारेरा नोंदणी असते, ती मागून घ्या.

शेअर बाजार आणि गुंतवणुकीच्या जाहिरातींना मेटा आणि गुगल दोन्हीकडे सेबीच्या नोंदणीची पडताळणी लागते. "टिप्स" देणारा क्लायंट नोंदणी दाखवायला टाळाटाळ करत असेल तर काम सोडा. ऑनलाइन पैशांच्या खेळांच्या जाहिरातींवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, आणि त्यात जाहिरात करणाऱ्यालाही कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मधुमेह बरा करून देतो, टक्कल घालवतो असे दावे करणाऱ्या दवाखान्यांचं म्हणाल तर १९५४ चा औषधे व जादूटोणासदृश उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आणि दोन्ही प्लॅटफॉर्मची धोरणं, सगळंच आड येतं.

राजकारण्यांच्या सणाच्या शुभेच्छांकडे कोणी गांभीर्याने बघत नाही. माजी नगरसेवकाच्या फोटोसह गणेशोत्सवाची पोस्ट बूस्ट केली तर मेटा तिला राजकीय जाहिरात मानू शकतं. तिला ओळख पडताळणी आणि खर्च कोणी केला याचा मजकूर लागतो. तो नसेल तर पोस्ट थांबते आणि अकाउंटच्या नावावर डाग राहतो.

जाहिरातीतल्या दाव्यांबद्दल शंका असेल तर अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाची संहिता वाचा. १९८५ साली स्थापन झालेली ही संस्था मुंबईतलीच.

एका क्लायंटच्या ग्राहकांचे नंबर दुसऱ्याच्या जाहिरातीसाठी वापरले तर चालेल का? दोघेही कपडेवाले आहेत.

नाही. नंबर देणाऱ्या बाईने ते एका दुकानाला दिले होते. यादी अपलोड करताना तुम्ही प्लॅटफॉर्मला लिहून देता की ती वापरायचा हक्क तुमच्याकडे आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमतीवर आधारलेला आहे. काम संपलं की तुमच्या लॅपटॉपवरची एक्सेल फाइल पुसा.

क्लायंट दुसऱ्या एजन्सीकडे चालला आहे. अकाउंट त्याचंच आहे. हस्तांतरात काय करायचं उरतं?

फार थोडं. नवी एजन्सी आधी पार्टनर म्हणून जोडली जाऊ द्या, चालू जाहिराती तिच्या नजरेखाली दोन-तीन दिवस चालू द्या, मग मालकाला तुमचं नाव काढायला सांगा. पिक्सेल (वेबसाइटवर कोण येऊन गेलं याची नोंद घेणारा कोड), कॅटलॉग, डोमेन यांपैकी काही तुमच्या पोर्टफोलिओत राहिलं आहे का ते तपासा. घाईच्या दिवसांत पिक्सेल हमखास एजन्सीकडे उघडलेला असतो. तुम्ही केलेल्या डिझाइनच्या मूळ फाइल द्यायच्या की नाहीत हे करारात लिहिलेलं असावं. नसेल तर निदान चालू जाहिरातींच्या द्या. फी बाकी असेल तर त्यासाठी अ‍ॅक्सेस अडवून धरू नका, वेगळी नोटीस पाठवा. महिनाअखेरीचं मेटाचं बिल मालकाच्या ईमेलवरच जातंय ना, हे पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक फोन करून विचारा, कारण जीएसटीचं रिटर्न भरताना त्याचा सीए तेच मागणार आहे.